बरोबर कोण आहे?

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

कोलोरॅडोच्या डोंगरात चार दिवस बर्फावर फिरायला जाणार, असे मी घरी सांगितले तेव्हा आईने दोनच प्रश्न विचारले. पहिला, "राहणार कुठे?" आणि दुसरा, "बरोबर कोण आहे?" मी सह्याद्रीत भटकायला लागलो त्याला आता तीस वर्षे होऊन गेली. तेव्हापासून ती हेच दोन प्रश्न विचारत आली आहे आणि माझी उत्तरेही ठरलेली आहेत. "गडावरच्या देवळात" आणि "नेहमीचेच सगळे." या वेळी पहिले उत्तर देताना मी जरा अडखळलो. "यर्टमध्ये. म्हणजे तंबूच, पण गोल," असे काहीतरी सांगितले. दुसरे उत्तर मात्र सवयीने देऊन टाकले. परत आल्यावर माझ्या लक्षात आले, की खरा अवघड प्रश्न दुसराच होता. आज ही दोन्ही उत्तरे जरा सविस्तर देतो.

स्कीइंग म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर गुलमर्ग किंवा औली येते. रोपवेने वर जायचे, यंत्राने दाबून सारख्या केलेल्या उतारावरून घसरत खाली यायचे आणि पुन्हा रोपवेच्या रांगेत उभे राहायचे. तिथे उतारांवर देखरेख करणारी माणसे असतात. मी ज्या प्रकाराबद्दल बोलतो आहे त्यात यातले काहीच नसते. रोपवे नाही, आखलेली वाट नाही, देखरेख नाही. ज्या उतारावरून खाली यायचे तो आधी स्वतःच्या पायांनी चढायचा. दोन-अडीच तास चढण आणि दहा मिनिटांची उतरण, असा साधारण हिशेब असतो. ऐकणाऱ्याला हा आतबट्ट्याचा व्यवहार वाटेल. पण गडावर जाणारे लोकही दुसरे काय करतात?

आता तुम्ही विचाराल, गुळगुळीत स्की बांधून चढता कसे येते? त्यासाठी स्कीच्या तळाला एक पट्टी चिकटवतात. तिला 'स्किन' म्हणतात, म्हणजे कातडे. पूर्वी सीलचे खरे कातडे वापरत. आता अंगोरा बकरीच्या लोकरीची किंवा नायलॉनची पट्टी असते. मांजराच्या पाठीवरून हात फिरवून पाहा. शेपटीच्या दिशेने फिरवला तर सहज सरकतो, उलट फिरवला तर केस आडवे येतात. स्किनचेही तसेच. स्की पुढे सरकते, मागे घसरत नाही. मध्य आशियातल्या अल्ताई पर्वतात लाकडी स्कींना घोड्याचे कातडे लावून चढण्याची रीत फार जुनी आहे आणि ती अजून टिकून आहे. चढताना बुटाची टाच मोकळी ठेवायची, वर पोचल्यावर पट्टी सोडवून खिशात घालायची, टाच घट्ट अडकवायची आणि निघायचे.

आमची जागा होती कोलोरॅडो राज्याच्या उत्तरेला. फोर्ट कॉलिन्स या शहरातून पूद्र नदीच्या काठाकाठाने पश्चिमेला शंभरेक किलोमीटर गेले, की कॅमरन पास नावाची खिंड लागते. तिची उंची ३,१३२ मीटर आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे ही खिंडच जवळजवळ दोन कळसूबाई उंच. खिंडीच्या पलीकडे 'स्टेट फॉरेस्ट स्टेट पार्क' नावाचे राखीव रान आहे. मागे नोकू क्रॅग्ज हे काळे, दातेरी सुळके आणि खाली स्प्रूसचे जंगल. याच भागात १९७८ साली मूस हा प्रचंड हरणासारखा प्राणी बाहेरून आणून सोडला. आता तिथे त्याची चांगली वस्ती आहे. या रानात हिवाळ्यात भाड्याने मिळणारे यर्ट आहेत. गाडी रस्त्याच्या कडेला ठेवायची, पाठीवर चार दिवसांचे सामान घ्यायचे आणि स्कीवरून यर्टपर्यंत चालत जायचे.

यर्ट म्हणजे मूळचे मध्य आशियातल्या फिरत्या पशुपालकांचे घर. किरगिझ लोक त्याला 'बोझ उय' म्हणतात आणि मंगोल लोक 'गेर' म्हणतात. गेर आणि आपले घर यांत नाते नाही, नुसता योगायोग आहे. पण ऐकून बरे वाटते. याची भिंत म्हणजे लाकडी पट्ट्यांची जाळी. जुन्या लिफ्टला सरकते जाळीचे दार असायचे ना, तशी ती मिटते आणि उघडते. जाळी गोल उभी केली, की तिच्या वरच्या कडेपासून मधल्या लाकडी कड्यापर्यंत छताचे दांडे तिरके लावतात. हे कडे म्हणजे किरगिझांचे 'तुंदुक'. त्यातून उजेड येतो आणि धूर बाहेर जातो. किरगिझस्तानच्या राष्ट्रध्वजावर मधोमध हेच तुंदुक आहे. यर्ट बांधण्याच्या किरगिझ आणि कझाख विद्येला २०१४ साली युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान दिले.

या रचनेत मेख कुठे आहे ते सांगतो. छताचे वजन दांड्यांमार्फत भिंतीला बाहेर ढकलत असते. भिंत तर जाळीची; ती फाकायला हवी. ती फाकत नाही, कारण जाळीच्या वरच्या कडेला सभोवार एक पट्टा आवळलेला असतो. बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव बसवतात, तिचे काम आणि या पट्ट्याचे काम एकच. सगळे एकमेकांना ढकलतात आणि पट्टा सगळ्यांना धरून ठेवतो. शिवाय गोल आकारामुळे तेवढ्याच जागेला कमी भिंत लागते, म्हणून उष्णता कमी जाते. आणि वाऱ्याला आदळायला कोपरा मिळत नाही.

ही वस्तू अमेरिकेत कशी पोचली, याचीही गोष्ट आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी मंगोलियाच्या प्रवासावर १९६२ साली 'नॅशनल जिऑग्राफिक'मध्ये लेख लिहिला. तो बिल कॉपर्थवेट या शिक्षकाच्या वाचनात आला आणि त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन लाकडी यर्ट बांधायला सुरुवात केली. पुढे कापडी यर्ट बाजारात आले. आमच्या यर्टला नमद्याऐवजी जाड कापड आणि आत चकाकता उष्णतारोधक थर होता, लोकरीच्या पट्ट्याऐवजी पोलादी तार होती आणि तुंदुकावर प्लॅस्टिकचा पारदर्शक घुमट होता. बाकी तत्त्व तेच.

आत रेल्वेच्या डब्यासारखे एकावर एक बर्थ, मध्ये लाकडाची शेगडी, एक टेबल आणि गॅसची चूल. संडास बाहेर, चाळीस पावलांवर. रात्री उणे वीस तापमानात ती चाळीस पावले फार लांब वाटतात. पाणी नाहीच. बर्फ वितळवायचा. त्यातही युक्ती आहे. पातेल्यात आधी थोडे पाणी हवे. नुसता कोरडा बर्फ तापवला तर भांडे करपते आणि पाण्याला जळका वास येतो. दहा-बारा पातेली बर्फ घातला की कुठे एक पातेले पाणी मिळते. त्या उंचीवर पाणी उकळते तेच मुळी ९० अंशांच्या आसपास, त्यामुळे डाळ काही शिजत नाही. माझ्या मित्राने म्हणून पाठीवरून छोटा कुकर वाहून आणला होता. त्या निःशब्द रानात कुकरची पहिली शिट्टी झाली तेव्हा आमच्यातली अमेरिकन बाई दचकून उठलीच.

आता बरोबर कोण होते ते सांगतो. आम्ही पाच जण. माझा कॉलेजपासूनचा मित्र, जो पंधरा वर्षे फोर्ट कॉलिन्समध्ये आहे. त्याची बायको, माझी वहिनी. आमच्याच जुन्या ट्रेकच्या टोळीतला एक जण, जो खास बॉस्टनहून विमानाने आला होता. वहिनीच्या शाळेतली एक अमेरिकन शिक्षिका, जी वीस वर्षे या डोंगरांत स्कीइंग करते आहे आणि हिमस्खलनाचे रीतसर प्रशिक्षण घेतलेली आहे. आणि मी, मनालीच्या एका कोर्सच्या भांडवलावर आलेला, सगळ्यांत कच्चा.

हिमस्खलन म्हटले की आपल्याला सियाचीन आठवते. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिथल्या चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले, त्यांत आपल्या सातारा जिल्ह्यातला एक जवान होता. अशा बातम्यांमुळे आपली समजूत होते, की स्खलन म्हणजे वरून कोसळणारी, आपल्या हातात नसलेली गोष्ट. जवानांच्या बाबतीत ते खरेच आहे. त्यांना जिथे नेमले तिथे राहावे लागते. पण हौसेने बर्फात जाणाऱ्यांच्या बाबतीत चित्र अगदी वेगळे आहे. त्यांच्या जीवघेण्या अपघातांपैकी दहातल्या नऊ वेळा स्खलन सुरू करतो तो अपघातात सापडलेला माणूस स्वतः, किंवा त्याच्याच गटातला कोणीतरी. म्हणजे डोंगर आपल्यावर चालून येत नाही. आपणच त्याचा खटका दाबतो.

हा खटका कसा तयार होतो? ताजा भुसभुशीत बर्फ म्हणजे पिठीसाखर समजा. दाबली की तिचा लाडू वळतो. कोलोरॅडोत हिवाळ्याच्या सुरुवातीला बर्फाचा थर पातळ असतो. जमिनीलगत तापमान शून्याच्या आसपास आणि वर हवेत उणे वीस. एवढ्याशा जाडीत एवढा फरक पडला, की तळाच्या बर्फाची वाफ होऊन ती वर सरकते आणि पुन्हा गोठते. अशा गोठण्यातून मोठे, कडेदार, एकमेकांना न चिकटणारे कण बनतात. पिठीसाखरेची दाणेदार साखर होते. दाणेदार साखरेचा लाडू कधी वळलाय? आता या दाणेदार थरावर पुढची वादळे नवा बर्फ टाकत जातात आणि वारा तो ठोकून त्याची फरशी करतो. साखरेवर फरशी. वरून सगळे सुंदर, गुळगुळीत, पांढरे. उतार तीस ते पंचेचाळीस अंशांचा असेल आणि त्यावर माणसाचे वजन पडले, तर खालची साखर खचते आणि फरशी एकदम सुटते. त्याहून कमी उतारावर फरशी सहसा सुटत नाही; फार उभ्या कड्यावर तेवढा बर्फ साठतच नाही. दुर्दैवाने स्कीइंगला जे उतार सर्वांत मजेचे, तेच हे तीस ते पंचेचाळीसचे. अमेरिकेत सर्वांत जास्त हिमस्खलन-मृत्यू कोलोरॅडोत होतात, त्यामागे ही साखर मोठे कारण आहे.

म्हणून प्रत्येकाजवळ तीन वस्तू असतात. अंगावर बांधलेला ट्रान्सीव्हर, जो सतत रेडिओ संदेश सोडत असतो, घडी करता येणारी लांब सळई, आणि फावडे. जगभरचे सगळे ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झ या एकाच कंपनसंख्येवर चालतात, म्हणजे कोणाचाही कोणालाही सापडावा. कोणी गाडला गेला, की उरलेल्यांनी आपापला ट्रान्सीव्हर शोधण्यावर लावायचा, आवाजाच्या मागाने जायचे, सळई खुपसून माणूस लागतो का पाहायचे आणि खणायचे. स्वित्झर्लंडमधल्या अपघातांचा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार पूर्ण गाडला गेलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत बाहेर निघाला तर जगण्याची शक्यता नव्वद टक्क्यांच्या वर असते. तिसाव्या मिनिटाला ती तीस टक्क्यांच्या आसपास येते. दहा मिनिटांत कुठलेही हेलिकॉप्टर पोचत नाही. म्हणजे तुम्हाला वाचवू शकतील ती फक्त तुमच्या बरोबरची माणसे.

पहिल्या संध्याकाळी शिक्षिकेने आमची परीक्षा घेतली. एक ट्रान्सीव्हर पिशवीत घालून तिने यर्टमागे पुरला आणि मला म्हणाली, "शोध. तुझा मित्र आहे तो." मला ती पिशवी काढायला सात मिनिटे लागली. पिशवी अर्धा मीटर खोल होती आणि बर्फ मोकळा होता. खऱ्या स्खलनातला बर्फ थांबल्याबरोबर घट्ट बसतो, एका घनमीटरचे वजन तीन-चारशे किलो भरते आणि माणूस एक मीटर खाली असतो. मी घामाघूम होऊन हसत होतो. बाकी कोणी हसले नाही.

मग शेगडीभोवती बसून दुसऱ्या दिवसाची आखणी झाली. या डोंगरांतले वाटाडे ज्या पद्धतीने काम करतात तीच तिने आम्हाला लावली. आधी, उद्या कुठे जायचे नाही ते ठरवायचे. नकाशावर उतार बघून तीन याद्या करायच्या. जायचे, जायचे नाही, आणि सकाळी बघून ठरवू. सकाळी पहिल्या यादीतले नाव कमी करता येते, पण 'नाही' म्हटलेल्या जागेचे 'हो' करता येत नाही. आणि शेवटचा नियम: पाचांपैकी एकाने जरी नाही म्हटले तरी नाही. मतदान नाही, समजावणे नाही, कारण विचारणे नाही.

मला हा नियम तेव्हा जरा बालिश वाटला. वीस वर्षांच्या अनुभवी बाईच्या मताला आणि माझ्या मताला एकच वजन? पण त्यामागे अभ्यास आहे. इयन मॅकॅमन या अमेरिकन संशोधकाने १९७२ ते २००३ या काळातले ७१५ अपघात तपासले. त्याला दिसले, की ओळखीच्या जागी प्रशिक्षित लोकही जवळजवळ अप्रशिक्षितांइतकाच धोका पत्करतात. बर्फाची माहिती कमी पडत नाही. माणसे माणसांमुळे चुकतात. जागा ओळखीची आहे, एवढे लांब आलो आहोत, बरोबर जाणकार आहे, दुसऱ्यांच्या खुणा दिसताहेत, चारचौघांत भित्रे ठरायला नको. असे हे सापळे.

याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण १९ फेब्रुवारी २०१२ चे. वॉशिंग्टन राज्यातल्या स्टीव्हन्स पासजवळ टनेल क्रीक नावाच्या उतारावर सोळा जण एकत्र गेले. साधेसुधे नव्हे, त्यांत नावाजलेले स्कीपटू आणि त्या डोंगरावर वर्षानुवर्षे वावरलेली माणसे होती. धोक्याचा इशारा त्या दिवशी जाहीर झालेला होता. स्खलन झाले आणि तिघे गेले. 'न्यू यॉर्क टाइम्स'ने नंतर त्यावर सविस्तर वृत्तांत छापला. त्यात वाचलेल्यांपैकी अनेकांनी सांगितले, की मनात शंका आली होती. पण एवढे जाणकार बरोबर असताना मी कोण बोलणार?

आमच्याकडे पहिल्या रात्री वादळ झाले. सकाळी यर्टच्या दारातून बाहेर पडायला फावडे लागले. दुसरा दिवस आम्ही जंगलातल्या सौम्य उतारांवर काढला. दुपारी एक सपाट कुरण ओलांडताना पायाखालून 'धप्प' असा आवाज आला. पोटात जाणवेल असा, जणू भली मोठी गादी कोणी खाली टाकली. खालची साखर खचल्याचा तो आवाज. जागा सपाट होती म्हणून काही झाले नाही.

तिसरा दिवस म्हणजे आमचा शेवटचा पूर्ण दिवस. आभाळ निळेभोर, वारा नाही. झाडांच्या रेषेवर एक रुंद उतार होता, जो दोन दिवस यर्टच्या दारातून आम्हाला दिसत होता. तो तिसऱ्या यादीत होता. सकाळी बघून ठरवू. जवळ जाऊन पाहतो तर आदल्या संध्याकाळी कोणीतरी त्यावरून उतरून गेले होते. दोन सुंदर, वळणदार रेघा. बॉस्टनवाला म्हणाला, "बघा, दोन जण गेले, काही झालं नाही."

शिक्षिकेने बर्फात खड्डा खणून चाचणी घेतली. फूटभर लांबी-रुंदीचा बर्फाचा खांब मोकळा करायचा, त्यावर फावड्याचे पाते ठेवायचे आणि वरून थापा मारायच्या. दहा मनगटातून, दहा कोपरातून, दहा खांद्यातून. जितक्या लवकर खांब तुटेल तितका बर्फ कच्चा. आमचा तेविसाव्या थापेला तुटला. म्हणजे फार वाईट नाही. पण तुटला तो कापल्यासारखा सपाट, आणि ते लक्षण चांगले नाही. ती बराच वेळ त्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "जाता येईल, असं वाटतं."

मी काय केले ते सांगायलाच हवे. मला कालचा तो 'धप्प' आवाज आठवत होता. माझ्या मनात 'नाही' होते. तोंडातून मात्र काही निघाले नाही. ती वीस वर्षांची अनुभवी. बॉस्टनवाला एवढा खर्च करून आलेला. आणि मी सगळ्यांत कच्चा. नाही म्हटले असते तर सगळ्यांना वाटले असते, याला उतरता येत नाही म्हणून हा कारणे देतो. मी स्किन सोडवायला वाकलो.

तेव्हा वहिनी म्हणाली, "माझं नाही."

बॉस्टनवाल्याने विचारले, "का?" नियम मोडून विचारले. ती म्हणाली, "का ते मला नीट सांगता येणार नाही. पण माझं नाही." शिक्षिका लगेच वळली, एक शब्द न बोलता. आम्ही आल्या वाटेने परत निघालो आणि जंगलातल्या त्याच सौम्य उतारावर उरलेला दिवस काढला. संध्याकाळी यर्टमध्ये फारसे कोणी बोलत नव्हते. गोल घरात कोपरा नसतो, त्यामुळे रुसून बसायलाही जागा नसते. सगळ्यांचे ओले मोजे एकाच दोरीवर, सगळ्यांची तोंडे एकाच शेगडीकडे. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्यावर बॉस्टनवाल्याने पाने घेतली आणि पहिली वाढली ती वहिनीला. ती त्याला म्हणाली, "चिडला आहेस ना?" तो म्हणाला, "हो. पण तूप आण."

चौथ्या दिवशी परत निघालो तेव्हा तो उतार तसाच होता. त्या दोन रेघांसह, अखंड. मित्र अजून फोनवर म्हणतो, "आपण गेलो असतो तरी काही झालं नसतं." मी त्याला खोडून काढू शकत नाही. कदाचित तो बरोबर असेल.

पण बर्फाची खरी अडचण हीच आहे. तो चुकीच्या निर्णयालाही बहुतेक वेळा शाबासकी देतो. दहादा चुकीच्या उतारावर जा, नऊदा तो तुम्हाला मजा देऊन घरी पाठवेल, आणि तुम्ही समजाल की आपल्याला कळायला लागले. विस्तवाला हात लावला की लगेच चटका बसतो. म्हणून लहान मूलही शिकते. इथे चटका बसेलच असे नाही आणि बसला तर शिकायला माणूस उरत नाही. म्हणून निर्णय बरोबर होता की नाही, हे उतार सुटला की नाही यावरून ठरवता येत नाही. तो कसा घेतला, एवढेच तपासता येते. त्या कसोटीवर मी त्या दिवशी नापास झालो. खटका दाबायला निघालेल्यांत मीही होतो.

आणि नियम बालिश नव्हता, हेही तेव्हाच कळले. मित्रांमध्ये 'नाही' म्हणणे अनोळखी माणसांपेक्षा अवघड असते. ज्यांच्याबरोबर वीस-तीस वर्षे काढली त्यांचा हिरमोड करायला जीभ उचलत नाही. नियम त्या माणसाचे ओझे कमी करतो. त्याला वाद जिंकावा लागत नाही, पुरावा द्यावा लागत नाही. सगळे एकमेकांना बाहेर ढकलत असताना यर्टच्या भिंतीवरचा तो पट्टा जे करतो, तेच हा नियम माणसांच्या बाबतीत करतो.

तुम्ही कधी बर्फात जाल न जाल. पण पावसाळ्यात धबधब्याखाली जाणारे, भरलेला ओढा ओलांडणारे, निसरड्या कड्यावर फोटोसाठी उभे राहणारे गट आपल्याकडे काही कमी नाहीत. तिथेही मनात 'नाही' असलेला एक जण बहुतेक असतोच. निघायच्या आधी, घरी चहा पितानाच एवढे ठरवून टाकावे, की आपल्यातल्या एकाने नाही म्हटले तर सगळे वळतील. आमच्या टोळीने आता सह्याद्रीतही हा नियम लावला आहे. गेल्या पावसाळ्यात तो दोनदा वापरावा लागला. एकदा मी वापरला.

आईला मी हे सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "ती वहिनी पुण्याला कधी येणार आहे? आली की तिला जेवायला घेऊन ये."